पणजीत एकटीनं खायला-प्यायला हिंडताना

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

चार दिवस एकटीच पणजीला निघाली आहेस आणि किनाऱ्यावरचे शॅक सोडून शहरातले छोटे बार, भाजी-पावची हॉटेलं नि खानावळी हिंडायचं ठरवलं आहेस, हे वाचून फार आनंद झाला. निवड उत्तम आहे. पणजी पायी फिरण्याएवढी आहे, मराठी सगळीकडे समजतं आणि एकट्या माणसाला परवडेल असं खाणं गल्लोगल्ली मिळतं. मात्र हे शहर आपल्या वेळा सांभाळून असतं. ज्या वेळी जे मिळतं ते त्याच वेळी खायचं, हे पाळलंस तर निम्मे प्रश्न सुटतील.

उतरायला फोंतेन्हास, सांव तोमे किंवा चर्च चौकाच्या आसपासची खोली घे. तिथून बहुतेक ठिकाणं दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहेत. रात्री परतायला चालणं पुरलं पाहिजे, ही अट खोली घेतानाच घालून घे. खोली पर्वरीला किंवा मिरामारच्या पुढे घेतलीस तर रोज संध्याकाळी स्कूटरचा मोह होईल, आणि प्यायल्यावर स्कूटर नाहीच. मोटार वाहन कायद्यात मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी कमी आहे. पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

सकाळी साडेसात ते दहा ही वेळ भाजी-पावची. कॅफे भोसले, कॅफे तातो अशी जुनी ठिकाणं आहेत, शिवाय कोपऱ्याकोपऱ्यावर बिननावाची असतात तीही चांगली. पातळ भाजी, सुकी भाजी आणि दोन्ही एकत्र म्हणजे मिक्स. पहिल्या दिवशी मिक्स माग, दोन्हींची चव कळते. सोबत मिरची, बन्स (केळ्याच्या गोडसर पुऱ्या) आणि चहा. पाव कुठला आहे तेही विचार. उंडो गोल नि कडक कवचाचा, पोई कोंड्याची नि आतून पोकळ, कातरो पाव चिरा दिलेला, काकण कडक नि चहात बुडवायचं. पातळ भाजीला पोई सगळ्यात चांगली, कारण तिच्या पोकळीत रस धरून राहतो. टेबलावर जागा दिसली की आधी बसलेल्यांना मानेनं विचारून बसायचं. इथे टेबल कुणा एकाचं नसतं. एकटीला याचा फायदाच आहे. चौघांचा घोळका ताटकळत उभा असतो, तेव्हा तुला एक खुर्ची लगेच मिळते.

दुपारी जेवायला साडेबारा ते दीडच्या मधे पोच. अडीचनंतर गेलीस तर चांगली मासळी संपलेली असते, आणि मग उरलेल्या तुकड्यांवर भागवावं लागतं. फिश थाळीत भात, हुमण (मासळीची आमटी), एखादी भाजी, सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किंवा सुक्या मासळीची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर), बऱ्याचदा तिसऱ्या (शिंपल्या) आणि सोलकढी येते. तळलेला मासा काही ठिकाणी थाळीत धरलेला असतो, काही ठिकाणी वेगळा लावतात. बिलावरून वाद होतात ते बहुतेक इथेच. बसल्या बसल्या विचार, "थाळीत तळलेला मासा कुठला, आणि वेगळा घेतला तर तुकड्याला किती?" इस्वण (सुरमई) आणि पापलेटचा दर आकारावर नि त्या दिवशीच्या बाजारावर ठरतो. मेनूवर किमतीच्या जागी "दराप्रमाणे" असं काही लिहिलं असेल, तर आकडा ऐकल्याशिवाय हो म्हणू नकोस.

एकट्या माणसाचा मासा बांगडा. एक बांगडा म्हणजे एक जेवण, किंमत आवाक्यातली, आणि चव अशी की इस्वणाच्या जाड तुकड्याला येत नाही. रवा लावून कुरकुरीत तळलेला घे, नाहीतर पोटात रेशाद मसाला भरलेला. रेशाद आंबट-तिखट असतो, लाल मिरची नि व्हिनेगरचा. दारूबरोबर खायला तोच जास्त शोभतो. वजनावर मिळणारे खेकडे, शेवंड, अख्खा मोठा मासा हे चौघांचं खाणं आहे. एकटीनं मागवलंस तर पैसेही जातील नि निम्मं उरेल.

जून-जुलैत जाणार असशील तर एक ध्यानात ठेव. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात ताटातला इस्वण बहुधा बर्फातला किंवा बाहेरून आलेला असतो. तेव्हा खाडीची मासळी, तिसऱ्या, सुकी मासळी यांच्याकडे वळ. श्रावणात आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत हिंदूंच्या खानावळींत मासळी मंदावते, तर रविवारी बऱ्याच ख्रिस्ती मालकांची दारं बंद असतात. रविवारचा बेत आदल्या दिवशी चौकशी करून ठरव.

दोन ते चार शहर झोपतं. तूही झोप. या वेळात बार शोधत उन्हात फिरून काही हाती लागत नाही.

आता तवेर्न, म्हणजे जुने छोटे बार. हेच तुला मुख्य पाहायचंय, म्हणून सविस्तर लिहिते. तवेर्न म्हणजे तीन-चार टेबलं, एक फळी, मागे बाटल्या आणि रोज येणारी माणसं. सांव तोमेतला जोझेफ बार आता सगळ्यांना माहीत झालाय. जागा एवढीशी आहे की लोक ग्लास घेऊन गल्लीत उभे राहतात. तिथे जायचं तर लवकर, सात-साडेसातला जा. तेव्हा मालकाशी दोन शब्द बोलता येतात. नऊनंतर नुसती गर्दी. आणि गल्लीत आवाज बेतानं, कारण त्या रंगीत खिडक्यांमागे माणसं राहतात. फोंतेन्हासचे लोक पर्यटकांच्या गोंगाटाला नि दारात उभं राहून फोटो काढण्याला कंटाळलेत, आणि त्यांचं बरोबर आहे.

अनोळखी तवेर्नमध्ये शिरण्याआधी दारातून अर्धा मिनिट बघ. गल्ल्यावर घरचं कुणी बसलंय का, दोन-चार वयस्क माणसं निवांत आहेत का, आतून बाहेर पडायची वाट मोकळी आहे का. हे असेल तर आत जा, गल्ल्याजवळची जागा घे आणि पाठ भिंतीला ठेव. नमस्कार करून "बाब, आज कितें बरें आसा?" एवढं विचारलंस तरी वातावरण बदलतं. सगळे एकदम वळून बघायला लागले आणि बघतच राहिले, तर पाणी पिऊन नीघ. कुणाला कारण द्यावं लागत नाही. बाटली समोर उघडून घे, प्रत्येक वेळी घेतलं की लगेच पैसे चुकते कर, आणि उठून गेलीस तर परत येऊन तोच ग्लास पिऊ नकोस. बऱ्याच तवेर्नांत स्वच्छतागृह नसतं किंवा असून नसल्यासारखं असतं, तेव्हा आधीच्या हॉटेलातच उरकून ये. फेणी देणाऱ्या सगळ्याच ठिकाणी खाणं मिळत नाही, म्हणून रिकाम्या पोटी जाऊ नकोस. चार-पाचच्या सुमारास पोदेर (पाववाला) पुन्हा फिरतो, त्याचा गरम पाव खाऊन निघालीस तरी चालेल.

काय प्यायचं? मार्च ते मे असेल तर हुर्राक. काजूची बोंडं तुडवून काढलेला रस आंबवतात आणि भट्टीवर एकदा उतरवला की हुर्राक होतो, साधारण 15 टक्क्यांचा. त्यात पुन्हा रस मिसळून आणखी एकदा उतरवली की फेणी, 42 ते 45 टक्के. हुर्राक टिकत नाही, त्याचा बोंडाचा वास काही महिन्यांत उडतो. दिवाळीत कुणी कौतुकानं हुर्राक पुढे केला तर तो उन्हाळ्यातला उरलेला आहे असं समज आणि फेणी माग. फेणी मात्र काचेत वर्षानुवर्षं राहते नि मुरत जाते. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माडाची फेणी वेगळी, वासाला सौम्य. पहिल्यांदाच घेत असशील तर तिच्यापासून सुरुवात कर. 30 मिली माग, दोन थेंब तळहातावर चोळून वास घे, एक घोट तशीच चाख, मग सोडा नि लिंबू. हुर्राकमध्ये लिम्का, लिंबू, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालतात. मिरची बुडवून फार वेळ ठेवू नकोस, शेवटचे घोट नुसते तिखट लागतात.

हुर्राकचा धोका हा की तो सरबतासारखा लागतो. हिशेब असा धर. 180 मिली हुर्राकमध्ये 27 मिली शुद्ध अल्कोहोल असतं, 60 मिली फेणीत जवळपास तेवढंच, 650 मिलीच्या 5 टक्के बिअरमध्ये साडेबत्तीस, आणि तीच बाटली 8 टक्क्यांची स्ट्राँग असेल तर 52. शरीर तासाला साधारण 7 ते 10 मिलीच निपटतं. म्हणजे हुर्राकची एक क्वार्टर (180 मिली) उतरायला तीनेक तास लागतात. एकटी असताना एका संध्याकाळी एवढ्यावर थांब, आणि मधे तेवढंच साधं पाणी पी. गोव्यात पिण्याचं वय 21 आहे, ओळखपत्र जवळ असू दे. बाटली घेऊन नदीकाठी बसू नकोस. पर्यटनस्थळी उघड्यावर पिण्याला दंड आहे.

प्यायल्यानंतर रस ऑम्लेटची गाडी. ऑम्लेटवर शाकुतीचा (खोबरं-मसाल्याच्या कालवणाचा) गरम रस्सा, चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू, सोबत पाव. जिथे रस्सा सारखा उकळत असतो आणि गिऱ्हाईक हलतं असतं तिथेच खा, कोमट रस्सा नको. कटलेट पाव खाणार असशील तर आधी मांस विचार, तो बहुधा बीफचा असतो, आणि चोरिस (गोव्याचं सॉसेज) डुकराचंच. खात नसशील तर स्पष्ट सांग, कुणी वाईट वाटून घेत नाही.

मांडवीकाठच्या बांदोडकर मार्गावर कॅसिनो नि क्रूझचे दलाल मागे लागतात. मान हलवून चालत राहा आणि एक रस्ता आत वळ, तिथे पुन्हा नेहमीचं शहर लागतं.

चार दिवसांत बारा जागा करण्याचा हट्ट सोड. सकाळचं एक हॉटेल आणि संध्याकाळचं एक तवेर्न ठरव, नि तिथे शक्यतो त्याच वेळी रोज जा. दुसऱ्या दिवशी चेहरा ओळखीचा होतो. तिसऱ्या दिवशी मेनूवर नसलेलं काहीतरी, घरी केलेलं लोणचं किंवा मागच्या गाराफांवातली (मोठ्या काचेच्या बुधल्यातली) जुनी फेणी, आपणहून पुढे येतं. एकट्या प्रवाशाला कुणी सोबत नसतं, त्यामुळे ही ओळख होणं त्यालाच सोपं जातं. उरलेले फेरफटके दुपारच्या जेवणासाठी ठेव.

तुझी,
मावशी

ता. क. बाटली घरी आणायची असेल तर लेबल लावलेली, सीलबंदच घे आणि बिल जपून ठेव. सुटी फेणी नको. रस्त्यानं किंवा रेल्वेनं महाराष्ट्रात आणायला परवाना लागतो आणि सीमेवर तपासणी होते, तेव्हा दुकानातच परवान्याचं विचारून घे. विमानानं येणार असशील तर ती चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून ठेव. 24 ते 70 टक्क्यांपर्यंतची दारू माणशी 5 लिटरपर्यंत नेता येते, केबिनमध्ये मात्र सुरक्षा तपासणीत काढून घेतील.