किराया गोळा करणाऱ्याला परवाना लागतो का?

प्रश्न: ताई, मी नागपूरला प्रतापनगरात राहते. सोमलवाड्यातला आमचा फ्लॅट मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या दोन मुलांना किरायाने दिलाय. गुडघ्यांमुळे माझं जाणं होत नाही, म्हणून ओळखीतले एक गृहस्थ सगळं बघतात. किराया तेच घेतात, वर्षाला एका महिन्याचा किराया स्वतःला ठेवतात. त्यांच्याकडे महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचं, एजंट म्हणून प्रमाणपत्र आहे. कॅलिफोर्नियातला मुलगा म्हणतो, तिकडे या कामाला सरकारी लायसन्स लागतं. आपल्याकडे हे प्रमाणपत्र चालतं का?

उत्तर: मुलगा बरोबर सांगतोय. कॅलिफोर्नियात मोबदला घेऊन दुसऱ्याच्या घराचा किराया गोळा करायला ब्रोकरचं लायसन्स लागतं आणि मालकाचे पैसे स्वतःच्या पैशांत मिसळता येत नाहीत. ओरेगॉनमध्ये तर या कामाचं वेगळंच लायसन्स आहे. महाराष्ट्रात असा परवाना नाही. २०१६ च्या रेरा कायद्यातला एजंट म्हणजे विक्रीच्या व्यवहारातला मध्यस्थ. ते प्रमाणपत्र खरं असेलही, पण तुमच्या किरायाच्या हिशेबाशी त्याचा काही संबंध नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात मालकाच्या वतीने घर बघणाऱ्याची कर्तव्यं लिहिली आहेत, पण तो राज्यांसाठीचा नमुना.

मला जास्त काळजी तुमच्या करारनाम्याची वाटते. तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाही. माझ्या मावशीचं धरमपेठेतलं घर असंच एकाच्या भरवशावर होतं. त्याने किरायादाराकडून चाळीस हजार डिपॉझिट रोख घेतलं, मावशीला वीस दिले आणि करार नुसता नोटरी केला. घर सोडताना किरायादाराने चाळीस मागितले, आणि ते त्याचे हक्काचेच होते. मावशीने एफडी मोडली. तिचा तो उतरलेला चेहरा मी विसरलेली नाही.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नसेल तर अटींबाबत किरायादाराचं म्हणणं ग्राह्य धरतात; ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. वर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे घर ठरावीक काळ वापरायला देण्याच्या अशा कराराची, नोंदणी आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होते. शहरात नोंदणी फी १००० रुपये, मुद्रांक शुल्क वेगळं. करारात मालक म्हणून तुमचंच नाव आणि डिपॉझिटचा पूर्ण आकडा असू द्या.

त्या गृहस्थांना काढायची गरज नाही. नळ-लाईट बघू द्या, ठरलेला मोबदला तुम्ही स्वतः द्या, एका कागदावर लिहून. पण त्या दोन मुलांना आजच फोन करून तुमचा खाते क्रमांक कळवा, आणि आजवर डिपॉझिट किती दिलं तेही त्यांनाच विचारा.