भुलीचा चार्ट आधी मागा

ऑपरेशनच्या वेळी भूल देण्यात हलगर्जीपणा झाला, असे सांगणारी माणसे येतात तेव्हा हातात बहुधा डिस्चार्ज कार्ड आणि बिल एवढेच असते. त्यामुळे तेच प्रश्न पुन्हा. कागद पाहिल्याशिवाय कोणाच्याही केसवर मी मत देत नाही. खालची उत्तरे त्याच बेताने वाचावीत.

सिझेरियनला पाठीत इंजेक्शन दिले, तेव्हापासून कंबर दुखते. भरपाई मिळेल? (हडपसर)

नुसत्या कंबरदुखीवर नाही. ‘स्पायनलने (पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनने) कंबर कायमची जाते’ हे शेजारणीचे निदान झाले, पुरावा नव्हे. पाय बधिर पडत असेल किंवा लघवीवर ताबा नसेल, तर आधी न्यूरोलॉजिस्टकडे जा, वकील नंतर.

पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये वडिलांचे हृदय बंद पडले. ते आयसीयूतच वारले. आठ महिने झाले. हॉस्पिटल म्हणते, फाईल नंतर देऊ. थांबावे का? (कोथरूड)

एक दिवसही थांबू नका. आजच लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचार नियमांप्रमाणे अर्जानंतर ७२ तासांत कागद मिळायला हवेत. ते जपून ठेवण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षे, आणि ‘हॉस्पिटल उद्या या म्हणत होते’ एवढ्यावर उशीर माफ होईल या भरवशावर राहू नये.

अर्जात मोघम ‘सर्व कागदपत्रे’ लिहू नका. भूलपूर्व तपासणीचा कागद, ॲनेस्थेशिया चार्ट (म्हणजेच भुलीचा चार्ट), ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या नोट्स, आयसीयूच्या नर्सिंग नोंदी, सगळी नावे घाला. चार्टवर नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन साधारण दर पाच मिनिटांनी नोंदलेले असायला हवे. दीड तास नाडी ८० आणि रक्तदाब १२०/८० वरून हललाच नसेल, तर तो चार्ट नंतर सावकाश बसून भरलेला असू शकतो. भूलतज्ज्ञ कोण होते, पूर्ण वेळ ओटीत होते की मधेच दुसऱ्या हॉस्पिटलला निघून गेले? हे प्रश्न तिथूनच सुटतात. शवविच्छेदन झाले नसेल तर मृत्यूचे कारण सिद्ध करणे अवघड होते. मग या नोंदींवरच सारी भिस्त.

भुलीतला हलगर्जीपणा काही आजचा नाही. १९५३ मध्ये पुण्यातच एका तरुणाचे मांडीचे हाड पुरेशी भूल न देता, केवळ मॉर्फिया या वेदनाशामकावर, जोर लावून बसवले गेले आणि तो दगावला. जोशी विरुद्ध गोडबोले या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरांना जबाबदार धरले. भरपाई तीन हजार रुपये. कागद हाती आले की अनुभवी भूलतज्ज्ञाचे मत घ्या, आणि ते घेऊन या महिन्यातच वकिलाला भेटा.

‘काहीही झाले तरी तक्रार नाही’ अशा फॉर्मवर सही केली आहे. संपले का? (चिंचवड)

नाही. संमती धोक्याला असते, हलगर्जीपणाला नसते. मात्र बिलात सूट घेऊन नंतर ‘तडजोडी’च्या कागदावर सही केली असेल, तर तो कागद आधी दाखवा.

एक जण म्हणतो, केस जिंकली तरच पैसे, भरपाईतले तीस टक्के. द्यावी का केस? (सिंहगड रस्ता)

देऊ नका. निकालावर टक्केवारी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. हॉस्पिटलच्या दारात कार्ड वाटणारा वकील नसतो, दलाल असतो. मूळ कागद त्याच्या हाती तर मुळीच देऊ नका.

पोलिसांत गेलो तर डॉक्टरला अटक होईल? (बारामती)

लगेच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो, आणि आधी स्वतंत्र वैद्यकीय मत. भरपाई हवी असेल तर तो रस्ता वेगळा आहे. दोन्ही एकदम धरायचे का, हे वकिलाला विचारा. ओटीची काच फोडली तर मात्र गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल.

सरकारी रुग्णालयात मोफत ऑपरेशन झाले. ग्राहक आयोगात जाता येईल?

सगळ्यांनाच मोफत उपचार असतील तर नाही. केसपेपरचे किरकोळ पैसे म्हणजे मोबदला नव्हे. दिवाणी न्यायालय खुले आहे, पण तिथला मुदतीचा हिशेब निराळा. तो वकिलाकडून याच आठवड्यात करून घ्या.