सुईची भीती आणि साठीनंतरची लस

पासष्टाव्या वर्षी सुईला घाबरतो हे सांगायची लाज वाटते, असे आपण लिहिले आहे. ती लाज आधी सोडा, कारण सुई टोचताच ज्यांचा रक्तदाब एकाएकी उतरून भोवळ येते, त्यांच्या बाबतीत तो भित्रेपणा नसून शरीराची प्रतिक्रिया असते. मलाही स्पिरिटच्या वासानेच घेरी येत असे. परिचारिकेला हे आधीच स्पष्ट सांगा आणि आडवे पडून लस घ्या. ज्या दंडात सुई घ्यायची तो सैल सोडून पाय, पोट आणि दुसऱ्या हाताची मूठ 10 ते 15 सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत, आवळून धरा, मग 20 ते 30 सेकंद सैल करा. असे पाच वेळा करा आणि आठवडाभर घरी सराव ठेवा. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, म्हणजे बारीक सुई वापरतील. नंतर किमान दोन मिनिटे कापूस घट्ट दाबून धरा, चोळू नका. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, त्यामुळे ही सवय लावून घेणे मला फार मोलाचे वाटते. लस घेतल्यावर लगेच उठू नका, 15 मिनिटे तिथेच थांबा.