पीएफ मोडून कॅब घ्यावी का?

प्रश्न (मोठ्या पत्राचा सारांश): वय ३३, आयटीआय फिटर. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ९ वर्षं कायम नोकरीत आहे, काम क्वालिटी इन्स्पेक्शनचं. एकूण पगार २७,५०० (मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १६,०००), हातात २५,३८०. दिवाळीला १८,००० बोनस. घरी बायको, तिसरीतला मुलगा आणि मधुमेह असलेली आई, घरखर्च २२,०००. गेलं वर्षभर संध्याकाळी आणि रविवारी बाइकवर फूड डिलिव्हरी करतो, पेट्रोल जाऊन महिन्याला ६,००० उरतात. चुलतभाऊ ॲपवर कॅब चालवतो, त्याचा महिन्याचा धंदा ६०,००० आहे. पगारवाढ म्हणजे वर्षाला सात-आठशे रुपये आणि सुपरवायझरची बोलणी. राजीनामा देऊन पीएफमधल्या २,९०,००० पैकी २,२०,००० काढावेत, बाकी ६ लाखांचं कर्ज घेऊन सीएनजी गाडी घ्यावी असं ठरवलं आहे. बरोबर आहे का?

उत्तर: ठरवलं आहे म्हणताय आणि विचारताही आहात, म्हणजे अजून थोडी जागा शिल्लक आहे. माझं मत आधीच सांगतो: गाडी घेऊ नका. डिलिव्हरी मात्र बंद करू नका. एकाच प्रकारच्या कामाला मी एकीकडे नाही आणि दुसरीकडे हो म्हणतोय, त्याचं कारण आकड्यांत आहे.

तुम्ही ६०,००० आणि २५,३८० शेजारी ठेवून बघताय. दोन्ही आकडे अपुरे आहेत.

आधी पगार. तुमच्या पगारातून १२ टक्के म्हणजे १,९२० रुपये पीएफला जातात, तेही तुमचेच. कंपनी तेवढेच वरून भरते. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत आणि उरलेले तुमच्या खात्यात. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनीकडून एकरकमी मिळणारे पैसे) दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी साठते, महिन्याला साधारण ७७० रुपये. बोनस महिन्यावर वाटला तर १,५००. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईचंही नाव असल्याचं तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय. मधुमेही आईसकट चौघांचा आरोग्यविमा स्वतः घ्यायला गेलात की कळेल तो किती मोलाचा आहे; मी महिन्याला २,००० धरतो आणि ते कमीच आहेत. बेरीज साडेतेहतीस हजारांच्या आसपास जाते. भरपगारी रजा यात धरलेलीच नाही.

आता कॅब. भावाचे ६०,००० कमिशन कापून हातात आलेले आहेत असं मानू. महिन्याला ४,५०० किलोमीटर धरा, कारण पुढचं भाडं उचलायला जाताना आणि रात्री घरी परतताना गाडी रिकामीच पळते आणि त्याचे पैसे ॲप देत नाही. किलोला २० किलोमीटरचा ॲव्हरेज आणि ९० रुपये दर धरला तर सीएनजीचे २०,२५०. सर्व्हिसिंग, टायर, क्लच यांना किलोमीटरमागे एक रुपया, म्हणजे ४,५००. पिवळ्या नंबरप्लेटच्या गाडीचा विमा खाजगी गाडीपेक्षा महाग असतो, महिन्याला ३,००० ठेवा. परमिट, पासिंग, टोल, पार्किंग, मोबाइल यांचे १,५००. आणि ६ लाखांवर ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १३,०४५. हे सगळं वजा केल्यावर ६०,००० चे १७,७०० राहतात.

घरखर्च २२,००० आहे.

भाऊ खोटं बोलत नाही. तुम्हीच लिहिलंय की त्याच्या गाडीचे हप्ते दोन वर्षांपूर्वी फिटले. त्यामुळे त्याला ६०,००० मधून फक्त गॅस आणि गॅरेज दिसतं. तुम्ही म्हणाल, माझेही हप्ते पाच वर्षांनी फिटतील. फिटतील, पण तोवर गाडी पावणेतीन लाख किलोमीटर पळालेली असेल आणि दुसरी घ्यायची वेळ जवळ आलेली असेल. म्हणून कॅबचा हप्ता ही मला बचत वाटत नाही, ती गाडीची झीज आहे. बँक ती आधी वसूल करते, एवढंच.

यापेक्षा मोठी चूक तुमच्या दुसऱ्या हिशेबात आहे. “चार तासांत एवढे मिळतात, तर बारा तासांत तिप्पट मिळतील.” नाही मिळणार. तुम्ही संध्याकाळी सात ते अकरा आणि रविवारी काम करता, म्हणजे नेमकं जेव्हा लोक जेवण मागवतात तेव्हा. या कामातली साय तुम्ही खाताय. पूर्णवेळ उतरणाऱ्याला दुपारी तीन ते सहाही रस्त्यावर काढावे लागतात, जेव्हा ऑर्डर नसते आणि झाडाखाली गाडी लावून मोबाइलकडे बघत बसावं लागतं. कॅबचंही तेच आहे. सकाळी आयटी पार्ककडे, रात्री स्टेशन आणि विमानतळाकडे भाडी असतात. मधला दिवस वाघोलीला सोडलं की परतीचं भाडं मिळेल का, या काळजीत जातो. शिवाय इन्सेंटिव्ह आज आहे तो पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. तो बदलताना तुम्हाला कोणी विचारत नाही. आणि एखाद्या तक्रारीवरून आयडी ब्लॉक झाला तर दाद मागायला समोर माणूस नसतो, ॲपमधला चॅट असतो. त्या आठवड्यात हप्ता थांबत नाही.

म्हणून मी या कामाला एक साधा प्रश्न लावतो: हे बंद पडलं तर घर चालतं का? तुमची डिलिव्हरी उद्या बंद पडली तर ६,००० कमी येतील, बस. बाइक आधीपासून तुमची होती, वेळ मोकळा होता, नवं कर्ज नव्हतं. अशा जागी गिग काम, म्हणजे ॲपवरून सुटं सुटं मिळणारं काम, उत्तम आहे आणि मी ते मनापासून सुचवतो. कोणाची शिफारस लागत नाही, पैसे दर आठवड्याला खात्यात येतात, पेरणीला किंवा जत्रेला गावी जायचं तर अर्ज करावा लागत नाही. पण तोच एकमेव आधार केला आणि वर कर्ज चढवलं, तर ही मोकळीक हप्त्याच्या तारखेपुरतीही टिकत नाही. ‘आपणच आपले मालक’ म्हणणारे कितीतरी ड्रायव्हर चौदा तास गाडीत असतात.

कायदा बदलला, हेही तुम्ही लिहिलंय. खरं आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि गिग व प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या पहिल्यांदा केंद्रीय कायद्यात आली. ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीसाठी द्यायची, मात्र कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांच्या आत, अशी तरतूद आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी, ओळखपत्र आणि आयुष्मान भारतचं आरोग्यसंरक्षण जाहीर झालं होतं. पीएफचे सभासद असतानाही ही नोंदणी होते का, ते पोर्टलवर बघून घ्या. पण या निधीतून योजना निघतात. तुमच्या नावावर दरमहा कंपनीचा पीएफ त्यातून जमा होत नाही आणि ग्रॅच्युइटीही साठत नाही. नव्या कायद्यामुळे आता नोकरी आणि ॲपचं काम सारखंच, असं कोणी सांगितलं तर हा फरक त्याला दाखवा.

पीएफबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तुम्ही त्याकडे पडून असलेले पैसे म्हणून बघताय. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं. हाच दर राहिला असं धरलं (दर वर्षी ठरतो, कमी होऊ शकतो), तर आजचे २,२०,००० तुमच्या ५८ व्या वर्षी १६ लाखांच्या घरात जातात. दुसरं, पेन्शन योजनेत मासिक पेन्शनसाठी १० वर्षं सेवा लागते आणि तुमची ९ झालीत. पेन्शन फार मोठी नाही; १५,००० च्या मर्यादेवर १० वर्षांची होते २,१४३ रुपये. तेवढ्यासाठी कोणी आयुष्यभर एका जागी राहू नये. पण एक वर्ष उरलेलं असताना घाईने सोडण्याचं कारणही मला दिसत नाही.

खरं तर तुमच्या पत्रात कॅबपेक्षा सुपरवायझरवर जास्त ओळी आहेत. म्हणून विचारतो: नोकरी सोडायची आहे की ही कंपनी? चाकण, तळेगाव, रांजणगाव हा सगळा पट्टा सुट्या भागांच्या कारखान्यांचा आहे आणि नऊ वर्षं इन्स्पेक्शन केलेला माणूस तिथे नवखा नसतो. कंपनी बदलली तरी यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) तोच राहतो, पीएफ वर्ग करता येतो, पेन्शनची सेवा जोडली जाते. जुन्या कंपनीकडून ग्रॅच्युइटीचे साधारण ८३,००० मिळतील, ते संकटकाळासाठी वेगळे ठेवता येतील. तुम्हाला सुट्या भागांची अचूक मापं घेणारं सीएमएम मशीन चालवता येतं का, हे लिहिलेलं नाही. येत नसेल तर डिलिव्हरीच्या दोन संध्याकाळी त्या कोर्सला द्या. कॅबचा पाचव्या वर्षीचा दर पहिल्या वर्षीच्या नवख्यालाही तोच मिळतो. मापनातल्या माणसाचं तसं नसतं.

हेच पत्र ठेकेदाराकडे १४,००० वर, पीएफशिवाय राबणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाने पाठवलं असतं तर मी त्याला उलट सांगितलं असतं. त्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही, बाइकवर पूर्णवेळ काम करून तो पुढे जाईल. घरबसल्या डिझाइन किंवा अकाउंट्सची कामं घेणाऱ्यांचा हिशेबही निराळा असतो.

आता न विचारलेली गोष्ट, आणि ही मला जास्त तातडीची वाटते. तुमच्या बाइकचा विमा खाजगी वापराचा आहे. अशा पॉलिसीत भाड्याने वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते, त्यामुळे डिलिव्हरी करताना अपघात झाला तर दावा अडकू शकतो. विमा कंपनीला मेल करून या वापरासाठी काय करावं लागेल हे विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ॲपचा अपघात विमा बहुतेक वेळा ऑर्डरवर किंवा लॉगिन असतानाच लागू होतो, त्याच्या अटी मराठीत मिळत असतील तर बायकोलाही वाचायला द्या. बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा बिमा (वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूसाठी २ लाख) आणि जीवन ज्योती (वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही मृत्यूसाठी २ लाख) या दोन्ही विमा योजना सुरू करा. नेमणूकपत्रात दुसऱ्या कामाला बंदी आहे का, हेही बघून घ्या. डिलिव्हरीचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवा. तुमच्या एकूण उत्पन्नावर नव्या करप्रणालीत कर लागत नाही, ॲपने आगाऊ कापलेला कर (टीडीएस) परत मिळतो, आणि पुढे कधी कर्ज घेतलंत तर बँक हीच रिटर्न मागेल.

महिन्याचे ६,००० वेगळ्या खात्यात टाका. सहा महिन्यांचा घरखर्च म्हणजे १,३२,००० जमायला बावीस महिने लागतील; कंपनी बदलून ग्रॅच्युइटी आधी आली तर नऊच. त्यानंतरही कॅबचं मनातून गेलं नसेल, तर भावाकडून त्याच्या ॲपचा स्क्रीनशॉट घेऊ नका. बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट, त्यात एक पावसाळ्यातला महिना, आणि त्याच काळातले मीटरवरचे किलोमीटर घ्या. हप्त्यासकट सगळा खर्च जाऊन ३५,००० उरत असतील आणि पीएफला हात न लावता डाउन पेमेंट जमत असेल, तर ते आकडे मला पाठवा, आपण नव्याने मांडू.