धरण भरलं की जलाशय भरला?

पुण्याच्या एका मित्राने विचारलंय: "आम्ही खडकवासला धरण म्हणतो, तुम्ही बेळगावकर राकसकोप जलाशय लिहिता. धरण म्हणजे तर भिंत. मग 'धरण भरलं' हे चूकच ना?"

चूक नाही. आमच्या गल्लीत पाणी यायच्या दिवशी पहाटे कुणीतरी ओरडतं, "मावशी, नळ आला!" नळ कुठे येतो? तो भिंतीला तसाच असतो, येतं ते पाणी. पण त्या हाकेला घागरी, बादल्या, पिंपं सगळी बाहेर पडतात, व्याकरण तपासत कुणी बसत नाही. 'गंगायां घोषः' म्हणजे गंगेवर गवळीवाडा. तो पाण्यावर तरंगत नाही, काठावर असतो. याला लक्षणा म्हणतात. भिंतीने धरलेल्या पाण्याला भिंतीचंच नाव मिळालं, त्यातलाच हा प्रकार. धरणमधला 'धर' आणि 'धरणं धरून बसणे' मधला 'धर' एकच.

जलाशयाची गंमत वेगळी. यातला 'आशय' म्हणजे पडून राहण्याची, साठण्याची जागा. पित्ताशय, गर्भाशय यांतलाही तोच, आणि कवितेचा आशयही त्याच घरचा. तेव्हा तुझा काटेकोरपणा मान्यच करायचा तर भिंत ते धरण, मागे साठलेलं पाणी तो जलाशय. तुमच्याकडेही भिंतीला कोयना धरण आणि पाण्याला शिवसागर जलाशय म्हणतातच की.

मग बेळगावातच जलाशय एवढा का रुळला? मला वाटतं, कन्नडचा शेजार. कन्नडमध्येही 'जलाशय'च, भिंतीला मात्र 'अणेकट्टु'. कट्टु म्हणजे बांधणं. कन्नड 'कट्टे' म्हणजे बांध आणि झाडाभोवतीचा पारही, आपण गप्पा मारायला बसतो तो कट्टा याच घरातला. फलकावर रोज 'जलाशय' वाचायचा, मग मराठी बातमीतही तोच सोयीचा पडतो.

मार्कंडेय नदीवरचं राकसकोप 1962 सालचं; पुढे शहर वाढलं तशी घटप्रभेवरच्या हिडकलची जोड लागली. हिडकल 51 टीएमसीचं, म्हणजे 51 अब्ज घनफूट. पावसाळ्यात इथले लोक पेपरात आधी राकसकोपची पातळी बघतात. 2475 फूट झाली की भरलं. नवखा माणूस दचकतो, एवढं खोल? ती खोली नव्हे, समुद्रसपाटीपासूनची उंची. मग वेस्टवेअरचे, म्हणजे जादा पाणी सोडायच्या सांडव्याचे, दरवाजे उघडतात. उन्हाळ्यात हाच आकडा रोज थोडा थोडा उतरतो आणि 'डेडस्टॉक' (नेहमीच्या वाटेने काढता न येणारं तळाचं पाणी) हा शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येतो. मराठीत 'मृतसाठा' आहे, पण टपरीवर तो कुणाच्या तोंडी मी ऐकलेला नाही.

आता खरी मेख. लिहिताना आम्ही 'जलाशय तुडुंब भरला' लिहितो, पण बोलताना "राकसकोप भरलंय बघ" म्हणतो. भरलाय नव्हे, भरलंय. जलाशय पुल्लिंगी, धरण नपुंसकलिंगी. म्हणजे कागदावर काहीही असो, जिभेच्या मनात धरणच आहे. कुणी म्हणेल, राकसकोप हे गावाचं नाव, ते 'गाव' म्हणून नपुंसक. असेल. पण गाव कशाला भरेल?