क्लिंगॉनच्या कपाळाचं कोडं

प्रश्न: स्टार ट्रेकची जुनी सिरीज बघून झाली आणि नंतरचं बघायला घेतलं तर क्लिंगॉन या परग्रहावरच्या लोकांच्या कपाळावर अचानक उंचवटे, हे फॅन लोक चालवून कसं घेतात?

उत्तर: अहो चालवून कुठे घेतात, वर्षानुवर्षं भांडले की! खरं कारण साधंय, 1967 साली क्लिंगॉन पहिल्यांदा आले तेव्हा टीव्हीला बजेट नव्हतं, मग रंग फासायचा, भुवया जाड करायच्या, झाला क्लिंगॉन. 1979 च्या सिनेमात पैसे आले आणि उंचवटेही आले. पण फॅनला मेकअपचं कारण पटत नाही, त्याला गोष्टीच्या आतलंच कारण लागतं, म्हणून कुणी म्हणे दोन वेगळ्या जमाती, कुणी म्हणे आधीपासून असेच होते, आपल्याला दिसले नाहीत (हे माझं आवडतं). 1996 च्या एका भागात वॉर्फ नावाच्या क्लिंगॉनला थेट विचारलं तर तो तोंड पाडून म्हणतो की आम्ही बाहेरच्यांशी यावर बोलत नाही. तिथेच थांबायला हवं होतं खरंतर. पण 2005 मध्ये 'एंटरप्राइज' या स्टार ट्रेकच्याच सिरीजने दोन भाग खर्च करून व्हायरसची भानगड काढली, माणसाचे जीन्स वापरून क्लिंगॉननी स्वतःवर केलेला प्रयोग फसला आणि कपाळं सपाट झाली म्हणे. आणि 2017 ला 'डिस्कव्हरी' या पुढच्या सिरीजमध्ये क्लिंगॉन चक्क टकले, की परत भांडणं सुरू!