आईच्या हाताची मूठ वळत नाही, ऑक्युपेशनल थेरपीने फरक पडतो का?

पडतो. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिलेला उपचार. पण आधी तो हसरा स्पंजचा चेंडू नातवाला खेळायला देऊन टाका. तुम्ही लिहिलंय की आई बहात्तरच्या आहेत, एक्स-रेत अंगठ्याच्या मुळाशी झीज दिसली, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून त्या टीव्ही बघताना तासभर चेंडू दाबतात. हा सल्ला नागपुरात शेजारीपाजारी, जिमवाले, जावई, सगळे देतात. या हाताला तो चुकीचा आहे.

चिमटीत एक किलोचा जोर लावला की अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर साधारण 12 किलोचा भार येतो. झिजलेल्या सांध्याची ताकद असं दाबून वाढत नाही, तो सुजतो. मग अंगठा तळहाताकडे ओढला जातो, मधला सांधा उलटा वाकायला लागतो आणि पेला धरण्याइतकाही पंजा उघडत नाही. म्हणून आधी पंजा उघडायचा. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग दुसऱ्या हाताने हलके चोळून मोकळा करा. मग अंगठा किंचित वाकवून गोल ठेवा, तर्जनी अंगठ्याच्या बाजूला ढकला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तिला अडवा. पाच सेकंद धरून सोडा, असं दहा वेळा. हलतं जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे लोकांना हा व्यायाम वाटतच नाही. सांध्याला आधार देणारा स्नायू मात्र यातच काम करतो.

सकाळच्या आखडण्याला कोमट पाण्यात दहा मिनिटं हात, डिसेंबर-जानेवारीत तर हवंच. नंतर बोटं सरळ, मुळं सरळ ठेवून वरचे दोन सांधे वाकवून आकडा, पूर्ण मूठ, बोटांच्या मुळाशी काटकोन, शेवटी टोकं सरळ ठेवून चपटी मूठ. पाच-सात फेऱ्या, दिवसातून दोन-तीनदा, जोर न लावता.

पण खरा फरक स्वयंपाकघरात पडतो. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडताना प्रत्येक काडी नखाने खुडली जाते, म्हणजे शेकडो चिमट्या. जुडी पाटावर धरून कात्रीने देठं उडवा. संत्र्याच्या सालीत अंगठा खुपसू नका; सुरीने वरून खाली चार चिरा द्या, साल बोटांच्या बाजूने निघते. कणीक तळहाताच्या टाचेने मळायची. कुकरचं झाकण लागत नसेल तर आधी रबर बघा. नवं रबर कडक असतं, त्याला तेलाचं बोट फिरवलं की निम्मी झटापट संपते.

झारा, सुरी, चमचा यांच्या दांड्यांवर एसीच्या तांब्याच्या पाइपवरची काळी फोमची नळी चढवा. कूलर-एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. आतलं भोक दांडीपेक्षा जरा लहान घ्या आणि साबणाचं पाणी लावून सरकवा. उभी चिरून बसवली तर तेलकट हातात फिरते. दांडी मुठीत धरल्यावर अंगठा आणि मधलं बोट जेमतेम भेटावं, एवढी जाडी पुरे. त्याहून जाड दांडी लहान हाताला उलट जास्त जोर लावायला लावते. फोम गॅसच्या आचेपासून लांबच ठेवा.

अंगठ्याला आधार देणारा पट्टा फक्त काम करताना वापरायचा. काढल्यावर वीस मिनिटांनीही लाल वळ दिसत असेल तर तो घट्ट आहे.

आणि 'आई, आता तू काही करू नको' म्हणणारी मुलं! काम काढून घेतलं की हात जास्त आखडतो, आणि मग त्याच मुलांना मशीनचा शेक हवा असतो. 'ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे फिजिओच ना?' असं विचारणाऱ्यांनी मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, त्या विभागात जाऊन बघावं; चांगला थेरपिस्ट आधी विचारतो, घरातलं कोणतं काम अडलंय.

हे आधीच लिहायला हवं होतं: मधुमेहाने हाताची संवेदना कमी झाली असेल तर पाणी दुसऱ्या कुणीतरी तपासून द्यावं, आणि मेणाचा शेक नकोच. सकाळचं आखडणं तासाहून जास्त टिकत असेल आणि दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर वरचं सगळं बाजूला ठेवून संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल किंवा एखादं बोट वाकून अडकत असेल, तर त्यावरचा इलाज वेगळा आहे.